हौशे, नवशे आणि गवशे : उडत्या यंत्राच्या कर्त्याचा प्रश्न

जत्रेला येणाऱ्या माणसांची आपल्या भाषेने फार पूर्वीच तीन वर्गांत विभागणी करून ठेवली आहे : हौशे, नवशे आणि गवशे. हौशे निव्वळ हौसेपोटी येतात, नवशे काही मागायला किंवा फेडायला येतात आणि गवशे काही गवसते का ते पाहायला येतात. ही विभागणी विनोदाने केली जात असली तरी तिच्यामागे समाजाचे बारीक निरीक्षण आहे. जत्रा तिघांचीही असते, आणि देवळाच्या आवारात उभा असलेला माणूस कोणत्या वर्गातला हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. गेल्या वीसेक वर्षांत जगभर अशीच एक जत्रा भरली आहे. ती आहे घरच्या टेबलावर ड्रोन जोडणाऱ्या आणि मोकळ्या माळावर ते उडवणाऱ्या हौशी मंडळींची. तिच्याविषयी विचार करताना ही त्रयी पुन:पुन्हा आठवते.

साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे या विषयात काय आहे, असा प्रश्न साहजिक आहे. माझ्या मते त्यात आपल्या आस्थेचा एक जुना प्रश्न नव्या आणि अधिक कठोर रूपात उभा आहे. रचना कर्त्याच्या हातून सुटली की ती कोणाची? तिच्या उपयोगाशी आणि परिणामांशी कर्त्याचे नाते उरते काय? रोलाँ बार्तचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा १९६७ चा निबंध आपल्या पदव्युत्तर वर्गांत आता रुळला आहे, आणि हा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला आहे अशा थाटात आपण तो शिकवतो. संहिता वाचकाची, अर्थ वाचकाचा, लेखकाचा हेतू गौण. ड्रोनच्या हौशी समूहाचा गेल्या काही वर्षांतला अनुभव पाहिला तर हा निकाल इतका सोपा नाही असे दिसते.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी. तिच्या गुंजारवालाही तोच शब्द. हा शब्द यंत्राला कसा चिकटला याचा सर्वमान्य उगम असा की, ब्रिटनमध्ये १९३५ च्या सुमारास तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी वैमानिकाविना उडणारे एक विमान तयार झाले. त्याचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी. पुढे अशा लक्ष्य-विमानांना ‘ड्रोन’ म्हणण्याची प्रथा पडली. म्हणजे हा शब्द जन्मला तोच मुळी तोफेच्या तोंडी. एकविसाव्या शतकात हौशी लोक चार पंख्यांची यंत्रे बनवू लागले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना हे लष्करी नाव नको होते. ते ‘क्वाडकॉप्टर’, ‘मल्टिरोटर’ असे तांत्रिक शब्द वापरीत. पण बाजाराने आणि वृत्तपत्रांनी ‘ड्रोन’च रूढ केला. शब्द आपला पूर्वेतिहास सहजासहजी सोडत नाहीत, हे भाषेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

या हौसेचा आरंभ तसा साधा आहे. रेडिओवर चालणारी खेळण्यातली विमाने पूर्वीपासून होती. नवे होते ते यंत्राला स्वत:चा तोल स्वत: सावरायला शिकवणे. फ्रान्समधील तुलूझ येथील नागरी विमानविद्येच्या राष्ट्रीय संस्थेत २००३ मध्ये ‘पापाराझी’ हा खुला स्वयंचालक-प्रकल्प सुरू झाला. २००७ मध्ये ‘वायर्ड’ या मासिकाचे संपादक ख्रिस अँडरसन यांनी आपल्या मुलांसाठी आणलेल्या लेगोच्या संचातून विमानाचा स्वयंचालक बनवून पाहिला आणि त्याच वर्षी ‘डीआयवाय ड्रोन्स’ या नावाने हौशी लोकांना एकत्र आणले. त्यांना भेटलेला जोर्डी मुन्योस हा मेक्सिकोतून आलेला विशीतला तरुण तेव्हा कॅलिफोर्नियात कायम वास्तव्याच्या परवान्याची वाट पाहत बसला होता. निन्टेन्डोच्या ‘वी’ या खेळाच्या हातकाठीतील संवेदक काढून त्याने खेळण्यातले हेलिकॉप्टर स्थिर उडवून दाखवले. अँडरसन यांनी त्याला पाचशे डॉलरचा धनादेश पाठवला. २००९ मध्ये दोघांनी मिळून कंपनी काढली आणि त्याच सुमारास ‘आर्डुपायलट’ ही खुली आज्ञावली आकाराला आली. २०१० मध्ये फ्रान्समधील एका हौशी कारागिराने त्याच ‘वी’चे संवेदक आणि आर्डुइनोचे स्वस्त मंडल जोडून ‘मल्टिवी’ ही आज्ञावली लिहिली व सर्वांसाठी खुली ठेवली.

या आज्ञावल्यांचे पुढे काय झाले हे पाहणे हस्तलिखितांच्या अभ्यासकाला विशेष रंजक वाटेल. ‘मल्टिवी’ची एक प्रत कोणी उचलली आणि दुसऱ्या प्रकारच्या मंडलावर चालेल अशी केली, ती ‘बेसफ्लाइट’. तिच्यातील गुंतागुंत निस्तरून, मांडणी स्वच्छ करून झाली ती ‘क्लीनफ्लाइट’. तिच्या एका शाखेत नवे प्रयोग सुरू झाले आणि ती शाखा मूळ खोडापेक्षा मोठी झाली, ती ‘बीटाफ्लाइट’. पाठभेद, प्रक्षेप, शाखा, कुलवृक्ष ही पाठचिकित्सेची सगळी परिभाषा येथे जशीच्या तशी लागू पडते. फरक एवढाच की, येथे प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला याची नोंद शिल्लक आहे. आपल्या प्राचीन पोथ्यांच्या लेखकुंनी एवढी सोय करून ठेवली असती तर कित्येक संशोधकांचे आयुष्य सुखाचे झाले असते.

हे यंत्र हवेत कसे टिकते, हेही थोडक्यात सांगायला हवे, कारण या समूहाच्या स्वभावाचे मूळ त्यात आहे. चार मोटारी, चार पंखे. समोरासमोरच्या कर्णावरचे दोन पंखे एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट दिशेने. म्हणून यंत्र स्वत:भोवती गरगरत नाही. पुढे जायचे तर मागच्या पंख्यांचा वेग वाढवून यंत्र किंचित पुढे झुकवायचे. साध्या विमानाला पंखांमुळे जे अंगभूत स्थैर्य असते, ते येथे मुळीच नसते. संवेदकाने क्षणोक्षणी कल मोजायचा, आज्ञावलीने प्रत्येक मोटारीचा वेग बदलायचा, आणि हे सेकंदाला शेकडो, कित्येकदा हजारो वेळा करायचे. या दुरुस्तीच्या गणितात तीन पदे असतात. पहिले या क्षणीची चूक पाहते, दुसरे आजवर साचलेली चूक पाहते आणि तिसरे चूक कोणत्या वेगाने वाढते आहे हे पाहून पुढच्या क्षणाचा अंदाज बांधते. या तिघांचे प्रमाण साधणे हीच हौशी माणसाची खरी साधना. पहिले पद जास्त झाले की यंत्र थरथरते, कमी झाले की सुस्त होते. तिसरे फाजील वाढले की मोटारी तापतात. सतत चुकत राहणे आणि सतत चूक दुरुस्त करणे, यालाच येथे स्थैर्य म्हणतात.

साहजिकच पडणे हा या छंदाचा अपवाद नसून नित्यक्रम आहे. पंखे मोडतात, कार्बन तंतूंची चौकट दुभंगते, तारांचे डाग सुटतात, लिथियम पॉलिमरची बॅटरी फुगते. उडवण्यापेक्षा दुरुस्तीत अधिक वेळ जातो. यातून या समूहाची एक सुंदर रीत तयार झाली. यंत्र पडले की त्यातील नोंदपट काढायचा. त्यात शेवटच्या क्षणापर्यंतचे कल, वेग, विद्युतदाब, चालकाने दिलेल्या आज्ञा असे सर्व काही नोंदलेले असते. तो पट इतरांपुढे ठेवायचा आणि विचारायचे की, हे का पडले? मग कधीही न भेटलेला दुसऱ्या खंडातला माणूस तो पट ओळीओळीने वाचतो आणि सांगतो की, अमुक सेकंदाला तिसऱ्या मोटारीकडे पूर्ण वेगाची आज्ञा गेली आहे, तरी त्या बाजूला यंत्र खचत गेले; म्हणजे मोटार किंवा तिचे वेगनियंत्रक मंडल बंद पडले, दोष तुझ्या हाताचा नाही. ‘सूक्ष्म वाचन’ म्हणून आपण जे शिकवतो, ते याहून फार निराळे नाही. एक भेद मात्र आहे. या वाचनाचे मूल्यमापन टाळ्यांनी होत नाही. पुढच्या वेळी यंत्र उडते की नाही यावर ते ठरते.

या समूहाचे गद्यही वाचण्याजोगे आहे. मोटारी तपासताना पंखे काढून ठेवा, ही नवशिक्याला दिली जाणारी पहिली सूचना. तिच्यामागे कित्येकांच्या कापलेल्या बोटांचा अनुभव आहे. बॅटरी कोणत्या क्रमाने जोडावी, होकायंत्र वीजवाहक तारांपासून दूर का ठेवावे, उपग्रहांचे संकेत पुरेसे मिळेपर्यंत का थांबावे, अशा शेकडो सूचना अनेक हातांनी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. त्यात अलंकार नाहीत, ‘मी’ नाही. मात्र न पाहिलेल्या वाचकाविषयीची काळजी आहे. अपयशाची जाहीर कबुली ही या गद्याची मूळ अट आहे. आपल्या विद्यापीठीय जगात शोधप्रबंध नेहमी यशस्वीच होतात, फसलेल्या गृहीतकावर कोणी प्रकरण लिहीत नाही. या पार्श्वभूमीवर ही रीत मला फार मोलाची वाटते. मराठी समीक्षेत ‘हौशी’ हे विशेषण आपण बहुधा कमीपणाने वापरतो. हौशी म्हणजे कच्चा, हौशी म्हणजे अजून धंदेवाईक न झालेला. येथे मात्र हौस हीच ज्ञानाची शिस्त झालेली दिसते.

आता नवशे. जत्रा भरली की दुकाने लागणारच, आणि त्यात गैर काही नाही. चीनमधील शेन्झेन येथे २००६ मध्ये स्थापन झालेल्या डीजेआय या कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये ‘फँटम’ बाजारात आणला. खोक्यातून काढा, बॅटरी लावा, उडवा. जोडणी नाही, गणित नाही, नोंदपटाचे वाचन नाही. अँडरसन आणि मुन्योस यांच्या कंपनीने २०१५ मध्ये ‘सोलो’ हा तयार ड्रोन आणून स्पर्धा करून पाहिली, पण पुढच्याच वर्षी तिला घरगुती ग्राहकांच्या बाजारातून माघार घ्यावी लागली. मोहोरबंद यंत्राने उघड्या यंत्रावर बाजारात मात केली.

येथे आपल्याकडील दोन परंपरांची आठवण होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामागे पावित्र्याची आणि सुरक्षिततेची भावना होती, आणि त्या मोहोरबंदीमुळे पाठ पुष्कळ अंशी जपलेही गेले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपी उलगडेपर्यंत मराठीचे हे आद्य गद्यवैभव पंथाबाहेरच्या वाचकाला जवळजवळ अज्ञात राहिले. याउलट ज्ञानेश्वरी उघडी राहिली. जो तो तिची प्रत करीत गेला, आणि म्हणूनच तिच्यात पाठभेद आणि प्रक्षेप शिरले. मोहोरबंदीची किंमत वेगळी आणि खुलेपणाची वेगळी. दोन्ही किमती खऱ्या आहेत. मोहोरबंद ड्रोन हा काही निंद्य नव्हे. लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्याला किंवा शेतात फवारणी करणाऱ्याला तोलाचे गणित कळलेच पाहिजे, असा आग्रह धरणे हे अतिरेकी होईल. प्रश्न एवढाच की, ज्याला आतले पाहायचे आहे त्याच्यासाठी एक तरी दार उघडे असावे.

आपल्या देशात हे दार काही काळ बाहेरून बंद होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून बिगरसरकारी व्यक्ती व संस्थांना ड्रोन उडवण्यास मनाई केली. पहिली सविस्तर नियमावली लागू झाली ती १ डिसेंबर २०१८ पासून. मार्च २०२१ मध्ये आलेले कडक नियम पाच-सहा महिन्यांतच मागे घेऊन, ऑगस्ट २०२१ मध्ये तुलनेने उदार ड्रोन नियम आणले गेले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र उडवणाऱ्याला आणि दोन किलोपर्यंतचे यंत्र बिगरव्यापारी कामासाठी उडवणाऱ्याला चालक-प्रमाणपत्राच्या अटीतून वगळले. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर मात्र नाही. म्हणजे २०१४ ते २०१८ ही चार वर्षे, जेव्हा बाकीच्या जगात हा छंद ऐन भरात होता, २०१६ मध्ये दुबईच्या शर्यतीत एका १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलाच्या संघाने अडीच लाख डॉलरचे पारितोषिक जिंकले, तेव्हा आपल्याकडील हौशी मुले मनाईच्या छायेत डाग देत बसली होती. सुरक्षिततेची चिंता खोटी होती असे मी म्हणत नाही. पण नवशांना परवाना मिळवता येतो, गवशांना परवान्याची फिकीर नसते. मनाईचा खरा भार हौशांवरच पडतो.

याच काळाच्या आगेमागे एका मराठी मातीतल्या उदाहरणात हौशा, नवशा आणि त्यापुढचा प्रवासही दिसतो. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात दिसणारा क्वाडकॉप्टर त्यांनीच बनवलेला. पुढे हीच कंपनी भारतीय लष्कराला टेहळणीची विमाने पुरवू लागली. चित्रपटातील तो प्रसंग पुष्कळांच्या लक्षात असेल. मुदतवाढ नाकारली गेल्याने खचलेल्या एका विद्यार्थ्याचे अर्धवट सोडलेले उडते यंत्र त्याचे सहाध्यायी पुरे करतात आणि त्याला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून ते वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरील त्याच्या खिडकीपर्यंत उडवतात. यंत्रावरचा कॅमेरा खिडकीतून जे दाखवतो, ते त्याच्या आत्महत्येचे दृश्य असते. कर्ता गेलेला आहे, कृती उडते आहे, आणि पाहणारे इतर कोणी आहेत. बार्तच्या निबंधातील रूपक येथे शब्दश: उभे राहते आणि शब्दश: झाल्यामुळेच ते असह्य होते.

आणि मग गवशे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यानंतर शर्यतीच्या ड्रोनचे सुटे भाग, चष्म्यातून यंत्राच्या डोळ्याने पाहण्याची युक्ती आणि हौशांनी लिहिलेल्या आज्ञावल्या रणांगणावर पोचल्या. मोडली तरी हरकत नाही अशी स्वस्त चौकट, तिच्यावर स्फोटक. युक्रेनमध्ये सामान्य नागरिकांनी घरच्या टेबलावर असे ड्रोन जोडून सैन्याला दिले. दुसऱ्या बाजूनेही तीच विद्या उचलली. १ जून २०२५ रोजी युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेने मालमोटारींवरील लाकडी खोक्यांतून, तिच्या सांगण्याप्रमाणे ११७ ड्रोन सोडून रशियाच्या हवाई तळांवर हल्ला केला. त्यांतील इर्कुत्स्क प्रांतातला बेलाया तळ युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. प्रसिद्ध झालेल्या चित्रफितींत जाणकारांना आर्डुपायलटची ओळखीची चिन्हे दिसली. मुलांच्या लेगोच्या संचातून निघालेला धागा येथवर आला होता. आरंभीच्या कर्त्यांपैकी काहींनी जाहीरपणे विस्मय व्यक्त केला. त्यांनी कल्पिलेली गोष्ट ही नव्हती.

त्यांनी कल्पिलेली गोष्ट कोणती होती, याचेही उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २००७ पासून एक स्पर्धा होत असे. ओसाड प्रदेशात हरवलेल्या ‘आउटबॅक जो’ नावाच्या पुतळ्याला विनावैमानिक विमानाने शोधायचे आणि त्याच्याजवळ पाण्याची बाटली टाकायची. कित्येक वर्षे कोणालाच ते पुरतेपणी साधले नाही. २०१४ मध्ये कॅनबेराच्या हौशी संघाने ते करून दाखवले, ते आर्डुपायलटच्याच आधारे. तहानलेल्या माणसाला शोधणारी आणि उभ्या विमानाला शोधणारी आज्ञावली एकच.

यावर दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे : साधन तटस्थ असते, सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही. दुसरे असे : मग उघडे ठेवलेतच कशाला? कुलूप लावा. पहिल्या उत्तरात आळस आहे आणि दुसऱ्यात भीती. पहिले उत्तर म्हणजे ‘लेखकाचा मृत्यू’ या कल्पनेची सोयीस्कर आवृत्ती आहे. कर्ता मेला, आता वाचक काय ते पाहून घेईल. कवितेच्या बाबतीत ही कल्पना आपल्याला मुक्तिदायक वाटली, कारण कवितेचे चुकीचे वाचन केल्याने सहसा कोणी मरत नाही. पण हे तरी पुरते खरे आहे काय? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा मूळ कर्त्याचा हेतू काय होता हा वादाचा विषय नव्हता. शतकानुशतके त्या संहितेचा वापर काय झाला, हा होता. संहितेचे परिणाम असतात आणि कोणाला तरी त्यांचे उत्तर द्यावे लागते, ही जाणीव आपल्या परंपरेत आहे. आपल्या सिद्धान्तवर्गात ती अलीकडे क्षीण झाली आहे इतकेच.

दुसऱ्या उत्तरातही अडचण आहे. आर्डुपायलट ज्या परवान्याखाली वितरित होते, त्याचे पहिलेच तत्त्व असे की, आज्ञावली कोणत्याही हेतूसाठी चालवण्याचे स्वातंत्र्य सर्वांना राहील. हे तत्त्व काढले तर कॅनबेराचा संघही उभा राहत नाही. शिवाय ज्याच्या घरावर बाँब पडतो आहे त्या युक्रेनी माणसाला, ही हौस शांततेसाठी होती, असे दूरच्या देशातून सांगणे हे नैतिकतेपेक्षा आत्मसंतुष्टपणाचे लक्षण ठरेल. प्रत्येक वापर सारखाच निंद्य आहे असे मला म्हणता येत नाही. आणि कोणता वापर न्याय्य, हे आज्ञावलीत लिहूनही ठेवता येत नाही.

या कोंडीत त्या समूहाने एक तिसरी वाट धरली आहे. आर्डुपायलटच्या विकसकांसाठी आचारसंहिता आहे. तिच्यात, या आज्ञावलीवर चालणाऱ्या यंत्रांच्या शस्त्रीकरणाला जाणूनबुजून साह्य करणार नाही, असे वचन विकसक देतो. परवाना वाचकाला मोकळे सोडतो, वचन कर्त्याला बांधते. मी तुझा हात धरू शकत नाही. पण तू स्फोटक बांधायला लागलास तर तुझा नोंदपट मी वाचून देणार नाही. हे वचन दुबळे आहे, यात शंका नाही. बेलायाला ते अडवू शकले नाही, पुढेही कोणाला अडवणार नाही. आणि साह्य मागणारा आपला हेतू लपवू शकतोच. तरीही मला ते वैचारिकदृष्ट्या महत्त्वाचे वाटते, कारण त्यात कर्त्याची एक निराळी कल्पना आहे. हा कर्ता मालक नाही आणि मृतही नाही. तो सांभाळणारा आहे. रचना सोडून दिल्यावरही तो तिच्याजवळ राहतो, दोष दुरुस्त करतो, आलेल्या बदलांपैकी कोणते स्वीकारायचे आणि कोणते नाही हे ठरवतो, आणि आपण कशात सामील होणार नाही हे मोठ्याने सांगतो.

असा कर्ता मराठीला अपरिचित नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ते मूळ कर्ते नव्हते, ग्रंथावर त्यांचा हक्कही नव्हता. ग्रंथ उघडा राहिल्याने शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. पण त्यावर उपाय म्हणून पोथीला कुलूप घातले नाही किंवा तिची लिपी सांकेतिक केली नाही. पुढे कोणी यात आपली ओवी घुसडू नये, असा कडक इशारा मात्र शेवटी लिहून ठेवला. त्या इशाऱ्यामागे कोणतीही दंडशक्ती नव्हती. तो मानला गेला तो वारकऱ्यांच्या समूहाने मानला म्हणून. दुबळ्या वचनाला बळ येते ते समूहामुळे. आणि समूह टिकतो तो हौशांमुळे. नवशांना आपले काम झाले की जायचे असते आणि गवशांना त्याआधीच. जत्रा संपल्यावर आवार झाडायला जो थांबतो, तो बहुधा हौशाच असतो.

म्हणूनच हौशांची संख्या घटणे ही मला युद्धातील वापराइतकीच चिंतेची बाब वाटते. ड्रोन केवळ मोहोरबंद खोक्यात किंवा केवळ लष्करी निविदेत उरला, तर नोंदपट उघड्यावर वाचणारा, अपयश जाहीर करणारा आणि नकार देण्याचा अधिकार बाळगणारा वर्गच नाहीसा होईल. यंत्रे तेव्हाही उडतील. त्यांच्याविषयी ‘नाही’ म्हणू शकणारा जाणकार तेवढा उरणार नाही.

यात आपण, म्हणजे साहित्य शिकवणारे आणि शिकणारे, दोन गोष्टी करू शकतो असे वाटते. एक म्हणजे बार्तचा निबंध ज्या आठवड्यात शिकवायचा, त्याच आठवड्यात एखादा खुला परवाना आणि ही आचारसंहिता याही संहिता म्हणून वर्गात वाचायच्या. कोण बोलतो आहे, कोणाला बांधतो आहे, काय मोकळे सोडतो आहे, हे प्रश्न त्यांना विचारायचे. दुसरी गोष्ट भाषेची. या छंदाचे जवळजवळ सगळे लेखन इंग्रजीत आहे, आणि मराठी मुलगा यंत्र पडल्यावर मनात जे म्हणतो ते कोठेच उतरत नाही. आपल्या गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असे यंत्र बनवणारी मुले बहुधा असतातच. त्यांना बोलावून सांगावे की, उड्डाणाची बढाई नको, पडल्याची हकिकत लिहा. काय जोडले, कोठे चुकले, पुढच्याने काय सांभाळावे, हे सारे मराठीत. मोटार, बॅटरी, प्रोपेलर हे शब्द तसेच राहू द्यावेत. वाक्य मराठी असले म्हणजे झाले. शंभर-दोनशे अशा हकिकती जमल्या तर त्यांतून परिभाषा आपोआप घडेल, आणि न पाहिलेल्या वाचकाची काळजी वाहणारे ते जे गद्य आहे, त्याचा एक मराठी पाठही तयार होईल.